वरवर हसरी : शोवा काळातल्या जपानी गाण्यांविषयी

१९६३च्या जूनमध्ये अमेरिकेच्या 'बिलबोर्ड हॉट १००' यादीत सलग तीन आठवडे एक जपानी गाणं पहिल्या क्रमांकावर होतं. रेकॉर्ड विकत घेणाऱ्यांपैकी बहुतेकांना त्यातला एक शब्दही कळत नव्हता. तिथे ते 'सुकियाकी' या नावानं खपत होतं. सुकियाकी म्हणजे गोमांस आणि भाज्या घालून उथळ भांड्यात शिजवायचा जपानी पदार्थ. गाण्यात मात्र ना मांस, ना भाज्या. त्यात आहे रात्री एकटाच रस्त्यानं निघालेला माणूस, आणि डोळ्यांतलं पाणी गालांवर उतरू नये म्हणून त्यानं वर केलेली मान. मूळ नाव 'उए ओ मुइते आरुको'. ब्रिटनमधल्या पाय रेकॉर्ड्सच्या मंडळींना हे नाव गिऱ्हाइकांच्या जिभेवर रुळणार नाही असं वाटलं. त्यांनी केनी बॉलच्या जॅझ बँडकडून ही चाल वाजवून घेतली आणि तिला ओळखीच्या पदार्थाचं नाव देऊन टाकलं. अमेरिकेतही तेच चिकटलं. एखाद्या भावगीताची तबकडी लंडनमध्ये 'मिसळ' म्हणून निघावी, तसा हा प्रकार. त्यानंतर जपानी भाषेतलं दुसरं कुठलंही गाणं त्या यादीत पहिलं आलेलं नाही.

गायक सकामोतो क्यू तेव्हा २१ वर्षांचा होता. गोल हसरा चेहरा, आणि गाताना शब्द तोडत, मध्येच उचकी लागल्यासारखा आवाज काढायची एल्विसछाप लकब. आपल्या शब्दांचं त्यानं काय केलंय हे ऐकून गीतकार एइ रोकुसुके आधी वैतागला होता म्हणतात. वैतागण्यासारखं होतंच. १९६० साली अमेरिकेबरोबरच्या सुरक्षा कराराविरुद्ध टोकियोत लाखो लोक रस्त्यावर आले, आणि तरीही करार झालाच. त्या मोर्च्यांतून हात हलवत परतलेल्या एइची खंत या गाण्यात उतरली होती. पण नाकामुरा हाचिदाईनं चाल दिली ती शीळ घालत जाता येईल अशी, आणि गायक मिळाला हा असा हसतमुख. पराभवाचं गाणं सहलीला निघालं.

पुढच्या पानांत येणारी बहुतेक गाणी याच जातीची आहेत. ऐकायला हलकी, गुणगुणायला सोपी; आणि घडताना कुणाचं तरी भांडण, कुणाचा हिशेब, कुणाचं दुःख त्यांत मुरलेलं. जुन्या जपानी गाण्यांवर आज जगभर जो जीव जडला आहे, तो त्यांच्या गुळगुळीत पृष्ठभागावर. या प्रस्तावनेचा रोख त्याखाली काय आहे याकडे आहे.

शोवा म्हणजे सम्राट हिरोहितोचा काळ, १९२६ ते १९८९. एवढा सगळा पल्ला इथे घेतलेला नाही. १९६१मध्ये सकामोतोचं गाणं आलं तिथपासून शोवा संपेपर्यंतचीच वर्षं घेतली आहेत, कारण आज जपानी टीव्हीवर 'नात्सुमेरो', म्हणजे आठवणीतली गाणी, म्हणून जी पुन्हापुन्हा वाजतात त्यांतला मोठा वाटा याच काळातला. त्याआधीच्या युद्धकाळातल्या आणि पडझडीतल्या गाण्यांचा विषय वेगळा आहे, आणि जास्त कडू आहे.

मराठी कानाला ही गाणी पहिल्या फटक्यात परकी का वाटत नाहीत, याचं एक साधं उत्तर सुरांत आहे. मेइजी काळात जपाननं शाळांमध्ये पाश्चात्त्य संगीत आणलं. १८८१पासून निघालेल्या शालेय गीतांच्या पुस्तकांत स्कॉटिश लोकगीतांच्या चाली घेतल्या, कारण त्यांतले पाच सूर जपानी गळ्याला झेपत होते. सप्तकातला चौथा आणि सातवा सूर वगळायचा, अशी ही रीत. तिला 'योनानुकी' म्हणतात. मध्यम-निषाद वर्ज्य केले की आपल्याकडे जे उरतं तो भूप. सकामोतोच्या गाण्याचा मुखडा बराचसा याच पाच सुरांत फिरतो. योनानुकीचा एक उदास भाऊ आहे. शिवरंजनीचा धैवत कोमल केला तर तो हाती लागतो, आणि एन्का या भावुक गीतप्रकारातली शेकडो गाणी त्यावर उभी आहेत. मात्र इथेच हुरळून जाऊ नये. सूर जुळले म्हणून राग जुळत नाही. जपानी चालीखाली गिटारचे कॉर्ड चालू असतात आणि त्यांचं म्हणणं अनेकदा वरच्या सुरांपेक्षा वेगळं असतं. (देवाणघेवाणीचा एक धागा मात्र थेट गणपतीच्या मिरवणुकीपर्यंत येतो. १९१२ साली नागोयात तयार झालेलं, टाइपरायटरसारखी बटणं असलेलं ताइशोगोतो हे तंतुवाद्य भारतात येऊन बुलबुल तरंग झालं, आणि वीज जोडल्यावर मुंबई-कोकणातला बेंजो.)

१९६६च्या जूनअखेर बीटल्स टोकियोच्या बुदोकानमध्ये वाजवून गेले. ज्युदोसाठी बांधलेल्या त्या वास्तूत रॉक वाजणार म्हणून उजव्या संघटना खवळल्या होत्या. पाठोपाठ 'ग्रुप साउंड्स' नावाची लाट आली. द टायगर्स, द स्पायडर्स, द टेम्प्टर्स असे इंग्रजी नावांचे, गणवेश घातलेले बँड आणि किंचाळणाऱ्या मुली. तीन-चार वर्षांत ओसरली. तिचं खरं देणं म्हणजे तिनं मागे ठेवलेला प्रश्न : रॉक जपानीत गाता येतो का?

आज हा प्रश्न पोरकट वाटेल. १९७०-७१मध्ये मासिकांच्या पानांवर त्यावर कडाक्याचं भांडण झालं. रॉकगायक उचिदा यूयाचं म्हणणं, जगात जायचं तर इंग्रजीतच गायला हवं. आणि जपानी भाषा रॉकच्या ठोक्यावर बसतच नाही. दुसऱ्या बाजूला होता 'हॅप्पी एंड' हा चौघांचा बँड : होसोनो हारुओमी, ओताकी एइची, सुझुकी शिगेरू आणि ढोल वाजवता वाजवता शब्द लिहिणारा मात्सुमोतो ताकाशी. १९७१च्या 'काझेमाची रोमान' या अल्बमनं त्यांनी वादाचं उत्तर दिलं. ऑलिंपिकच्या तयारीत पाडलं गेलेलं जुनं टोकियो, ट्रामचे रूळ, वाऱ्याची गल्ली, असं सगळं सावकाश, जवळजवळ बोलल्यासारखं जपानीत. रेकॉर्ड फारशी खपली नाही. बँड लवकरच फुटला. पण पुढच्या पंधरा वर्षांच्या लोकप्रिय संगीताची सूत्रं हातात घेणारी माणसं याच चौघांतून निघाली, आणि त्यातही मात्सुमोतो ढोलाच्या काठ्या ठेवून पूर्णवेळ गीतकार झाला, हे जपानी गाण्याचं नशीब.

त्याचं १९७५चं 'मोमेन नो हांकाचीफु', म्हणजे सुती हातरुमाल, जरा थांबून पाहण्यासारखं आहे. गावाकडची मुलगी, शहरात नोकरीला गेलेला मुलगा. चार कडवी, प्रत्येकाच्या पहिल्या अर्ध्यात तो बोलतो, दुसऱ्या अर्ध्यात ती, आणि दोघांचंही गाते एकटी ओता हिरोमी. तो विचारतो, शहरातून तुझ्यासाठी काय आणू? ती म्हणते, काही नको, फक्त शहराचा रंग लावून घेऊ नकोस. मग तो चलतीची अंगठी पाठवतो, सूट घातलेला फोटो पाठवतो, तू अजून लिपस्टिक लावत नाहीस का असं विचारतो. ती थंडी-वाऱ्यात जपून राहा म्हणते. चौथ्या कडव्यात तो परत येणार नाही हे सांगून टाकतो, आणि तेव्हा पहिल्यांदा ती भेटवस्तू मागते : डोळे पुसायला एक हातरुमाल. पन्नाशी-साठीच्या दशकांत शाळा संपवून ग्रामीण उत्तरेतली मुलं झुंडीनं खास रेल्वेगाड्यांत बसून टोकियोच्या उएनो स्टेशनवर उतरत. त्या सगळ्या पिढीचं हे पत्रलेखन. आणि चाल? उड्या मारणारी, ऊन पडल्यासारखी. संगीतकार त्सुत्सुमी क्योहेईला शब्द हातात पडल्यावर ते भलतेच लांब वाटले. कापून द्या म्हणायला त्यानं निर्मात्याला गाठायचा प्रयत्न केला, तो सापडला नाही, आणि शेवटी वैतागून चाल बांधायला बसला तर ती सरसर होत गेली, असा किस्सा सांगतात. ऐकणाऱ्यानं चौथ्या कडव्यात चालीकडे लक्ष द्यावं. ती तसूभरही उदास होत नाही. रडण्याचं काम शब्दांवर सोडलेलं आहे.

गीतकार, संगीतकार, संयोजक, गायक अशी चार वेगळी माणसं, आणि चौघांचीही नावं वेष्टनावर : ही या काळाची मूळ रचना होती. भावगीतांवर वाढलेल्या वाचकाला ती नवी नाही. प्रमाण मात्र थक्क करणारं. आकु यू या गीतकाराच्या नावावर ५ हजारांहून जास्त गाणी आहेत. सामुद्रधुनी ओलांडून उत्तरेकडे परतणाऱ्या बाईचं, बर्फ आणि बोटीच्या धक्क्याचं १९७७चं 'त्सुगारू काइक्यो फुयुगेशिकी' त्याचंच, आणि परग्रहावरच्या प्रियकराविषयी पिंक लेडीच्या दोन मुलींनी हातवारे करत नाचून गायलेलं 'यूएफओ'ही त्याच वर्षी त्याच्याच लेखणीतून उतरलेलं. यांतलं एक अस्सल आणि एक बाजारू, अशी वाटणी करायचा मोह टाळावा. दोन्ही तितक्याच काळजीनं शिवलेली आहेत.

बाजार अर्थातच होता, आणि दयाळू नव्हता. जपानमधलं आजवरचं सर्वांत जास्त खपलेलं सिंगल लहान मुलांच्या टीव्ही कार्यक्रमातलं आहे : १९७५च्या नाताळात निघालेलं 'ओयोगे! ताइयाकी-कुन', ४५ लाखांहून अधिक प्रती. ताइयाकी म्हणजे माशाच्या आकाराच्या साच्यात भाजलेली, आत चवळीसारख्या लाल कडधान्याचं गोड पुरण असलेली खाऊची वस्तू. रोज तव्यावर भाजून घ्यायला कंटाळलेला असा एक ताइयाकी दुकानदाराशी भांडून समुद्रात उडी मारतो, मजेत पोहतो, आणि शेवटी एका कोळ्याच्या गळाला लागून खाल्ला जातो. मुलांनी ते हट्टानं घ्यायला लावलं, आणि कचेऱ्यांत पिचलेल्या बापांना ते आपलंच चरित्र वाटलं. गायक शिमोन मासातोला मात्र ध्वनिमुद्रणाचे ठोक ५० हजार येन मिळाले होते. करारात रॉयल्टी नव्हती.

मग टेलिव्हिजन. जानेवारी १९७८पासून दर गुरुवारी रात्री ९ वाजता टीबीएसवर 'द बेस्ट टेन' लागायचं. कुमे हिरोशीच्या जोडीला सूत्रसंचालनाला होत्या कुरोयानागी तेत्सुको. होय, त्याच. मराठी घरांत ज्यांचं 'तोत्तोचान' पिढ्यान्‌पिढ्या वाचलं जातं, त्या तेत्सुकोबाई जपानी प्रेक्षकाला डोक्यावर कांद्यासारखा अंबाडा घातलेल्या, बंदुकीच्या गोळीच्या वेगानं बोलणाऱ्या टीव्हीवरच्या बाई म्हणून ठाऊक होत्या. 'तोत्तोचान' निघालं १९८१मध्ये, म्हणजे हा कार्यक्रम भरात असतानाच. रेकॉर्डची विक्री, रेडिओवरची मागणी आणि प्रेक्षकांची पोस्टकार्डं यांचा हिशेब करून दहा गाणी ठरत, आणि ती त्याच रात्री थेट गायली जात. गायक गावाला असेल तर कॅमेरा तिथे जाई. रेल्वेच्या फलाटावर गाडी थांबलेली असताना गाणी झाली आहेत, आणि १९८०मध्ये मात्सुदा सेइको विमानातून उतरून हानेदाच्या धावपट्टीशेजारी गायली आहे. टीव्हीवर यायचं नाही असं ठरवलेले नाकाजिमा मियुकीसारखे कलावंत यादीत असले, की सूत्रसंचालक प्रेक्षकांची रीतसर माफी मागत.

या कार्यक्रमात सर्वाधिक, सलग १२ आठवडे, पहिलं राहिलं ते १९८१चं 'रुबी नो युबिवा'. गायला होता तेराओ आकिरा, काळा चष्मा लावून, जेमतेम ओठ हलवत. चालही त्याचीच, शब्द मात्सुमोतोचे. सोडून गेलेल्या बाईची माणकाची अंगठी हा विषय. फिल्म सोसायटीत बसलेल्या वाचकानं या गायकाला पाहिलेलं आहे. कुरोसावाच्या 'ड्रीम्स'मध्ये एका स्वप्नातून दुसऱ्या स्वप्नात चालत जाणारा टोपीवाला माणूस तोच.

सार्वजनिक प्रसारण संस्था एनएचकेचा खाक्या वेगळा. तिच्या ३१ डिसेंबरच्या 'कोहाकू उता गास्सेन' या पांढऱ्या-लाल संघांच्या गाण्याच्या सामन्याला १९६३ साली ८१.४ टक्के प्रेक्षक होते. तिथे गायला मिळणं म्हणजे कलावंताच्या वर्षाचं सार्थक. पण संस्थेत जाहिरात निषिद्ध, आणि नियम शब्दश: पाळायचा. १९७८मध्ये यामागुची मोमोएच्या 'प्लेबॅक पार्ट २'मध्ये नायिका लाल पोर्शे हाकते. एनएचकेवर तिला नुसतीच लाल गाडी हाकावी लागली. त्याआधी १९७३चं 'कांदागावा' : तीन चटयांच्या खोलीत राहणारं, सार्वजनिक न्हाणीघरात जाणारं गरीब जोडपं. त्यात रंगखडूंच्या एका ब्रँडचं नाव होतं. ते बदलून साधे रंगखडू म्हणा, असं कळवल्यावर कागुयाहिमे या त्रिकुटानं कोहाकूला जायचंच नाकारलं. गरिबीच्या गाण्यात रंगखडूही खरेच हवेत, हा हट्ट आजही पटतो.

ऐंशीच्या दशकाला गाडीचा टेपरेकॉर्डर आणि १९७९मध्ये आलेला सोनी वॉकमन मिळाला, खिशात पैसा खुळखुळू लागला, आणि आज ज्याला 'सिटी पॉप' म्हणतात ते संगीत बहरलं. समुद्र, महामार्ग, उन्हाळा, कॉकटेल. याचं देवघर म्हणजे ओताकी एइचीचा २१ मार्च १९८१ला निघालेला 'अ लाँग व्हेकेशन'. वेष्टनावर नागाई हिरोशीनं काढलेला निळा पोहण्याचा तलाव, त्यात माणूस एकही नाही. गाणी लिहायला ओताकीनं जुना साथीदार मात्सुमोतो याला बोलावलं होतं. त्याच सुमारास मात्सुमोतोची धाकटी बहीण वारली. त्यानं हे काम दुसऱ्या कुणाला दे असं कळवलं. ओताकीनं रेकॉर्ड पुढे ढकलली आणि थांबून राहिला. बहीण गेल्यावर शिबुयाच्या गर्दीत चालताना सगळा रस्ता रंग उडाल्यासारखा दिसला, हा मात्सुमोतोचा अनुभव. त्यातून अल्बमचं पहिलंच गाणं, 'किमी वा तेन्नेनशोकू', आलं. आठवणीला रंग परत द्यावा अशी ती विनवणी आहे. जपानी जाहिरातींनी ते पुढे कितीतरी वर्षं उन्हाळ्याच्या आनंदाचं गाणं म्हणून वापरलं. वापरणाऱ्यांना दोष देता येत नाही. पियानो, गिटार, टाळ्या यांचे थरावर थर चढवून ओताकीनं आवाजाची अशी भिंत उभी केली आहे की दु:ख तिच्यामागे बेमालूम लपतं.

या संगीताचं दुसरं आयुष्य सर्वांना ठाऊक आहे, म्हणून थोडक्यात. ताकेउची मारियाचं 'प्लॅस्टिक लव्ह' १९८४च्या 'व्हरायटी' अल्बममधलं. अल्बम पहिल्या क्रमांकावर गेला, पण १९८५मध्ये स्वतंत्रपणे काढलेलं हे गाणं ओरिकॉन या जपानी विक्रीच्या यादीत ८६व्या स्थानापलीकडे सरकलं नाही. २०१७मध्ये कुणीतरी ते यूट्यूबवर चढवलं आणि भलत्याच देशांतली मुलं ते रात्र-रात्र ऐकू लागली. मात्सुबारा मिकीचं १९७९चं 'मायोनाका नो दोआ' २०२०च्या अखेरीस असंच जगभर पसरलं. इंडोनेशियातल्या रेनिच या गायिकेनं ते गायलं, आणि टिकटॉकवर मुलं आपल्या जपानी आयांना ते ऐकवून त्यांचे उजळलेले चेहरे टिपू लागली. मिकी हे पाहायला नव्हती. २००४मध्ये, ४४व्या वर्षी, ती कर्करोगानं गेली होती. २०२२मध्ये द वीकेंडनं 'आउट ऑफ टाइम'साठी आरान तोमोकोच्या १९८३च्या गाण्याचा तुकडा उचलला.

पण हा शोध पश्चिमेनं लावला असं समजणं म्हणजे आशियाचा अर्धा इतिहास पुसणं. हाँगकाँगला या गाण्यांसाठी यूट्यूबची गरज कधीच पडली नाही. लेस्ली चंगला १९८४मध्ये घराघरांत पोहोचवणारं 'मोनिका' हे किक्कावा कोजीच्या गाण्याचं कँटोनीज रूप, आणि कोंदो मासाहिकोच्या एकाच गाण्यावरून १९८९मध्ये अनिता मुई आणि प्रिसिला चान या दोघींनी आपापली हिट गाणी केली. इत्सुवा मायुमीचं 'कोकोरो नो तोमो' तर इंडोनेशियात मुलांनाही पाठ, आणि जपानमध्ये फारसं कुणाला आठवत नाही.

रॉकवाल्यांचा उल्लेख एवढ्यात आटोपला तर ते अन्यायाचं होईल, कारण गोडव्याचा करार मोडायचं काम त्यांनीच केलं. आरसी सक्सेशनचा इमावानो कियोशिरो चेहऱ्याला रंग फासून, केस उभे करून गायचा. १९८८मध्ये त्याच्या बँडनं 'कव्हर्स' हा अल्बम केला : पाश्चात्त्य रॉकच्या प्रसिद्ध चाली आणि त्यांवर अण्वस्त्रं व अणुवीज यांविरुद्ध नवे जपानी शब्द. रेकॉर्ड कंपनी होती तोशिबा-ईएमआय, आणि तोशिबा तेव्हा अणुभट्ट्या बांधत असे. कंपनीनं वर्तमानपत्रात जाहिरात दिली, की अल्बम इतका सुंदर झाला आहे की तो प्रसिद्ध करता येत नाही. एवढी प्रामाणिक जाहिरात क्वचितच छापली गेली असेल. दुसऱ्या कंपनीनं तो १५ ऑगस्टला बाजारात आणला, आणि तो यादीत पहिला आला.

हिरोहितो ७ जानेवारी १९८९ला वारले. चार दिवसांनी मिसोरा हिबारीचं 'कावा नो नागारे नो यो नी' निघालं. युद्धानंतरच्या ढिगाऱ्यांत टॉप हॅट घालून गाणारी पोर म्हणून तिनं सुरुवात केली होती, आणि हे तिचं जिवंतपणीचं शेवटचं सिंगल. २४ जूनला, ५२व्या वर्षी, तीही गेली. सप्टेंबरमध्ये 'द बेस्ट टेन' बंद झालं. हिबारीच्या त्या गाण्याचे शब्द लिहिणारा आकिमोतो यासुशी पुढे एकेका गटात डझनांनी मुली उभ्या करून एकेबी४८ चालवू लागला. कारखाना बंद पडला नाही, मालक आणि माल बदलला.

वाचकाच्या सोयीसाठी दोन गोष्टी. जपानी नावं पुढे सगळीकडे जपानी रीतीनं, आडनाव आधी अशी दिली आहेत. आणि प्रत्येक प्रकरणातलं गाणं आधी ऐकून मग मजकूर वाचावा अशी कल्पना आहे. बहुतेक गाणी मोबाइलवर सहज मिळतील. अपवाद यामाशिता तात्सुरोचा. ताकेउची मारियाचा हा नवरा आणि 'प्लॅस्टिक लव्ह'चा संयोजक. आपली गाणी स्ट्रीमिंगवर बहुधा मरेपर्यंत देणार नाही, असं त्यानं २०२२मध्ये सांगून टाकलं, आणि पुढच्या वर्षी त्याचे जुने अल्बम पुन्हा तबकडीवर आणि चक्क कॅसेटवर निघाले. त्याच्या प्रकरणापाशी आलं की टेपरेकॉर्डर अजून चालू असलेला एखादा मित्र गाठावा.